आश्वासन म्हणजे आगबोट नव्हे

टेमघरला कल्याण रस्त्यालगत आमच्या एका स्नेह्यांचे कापडाचे गोदाम आहे. यंत्रमागावरून उतरलेले तागे तेथे येतात, त्यांच्या गाठी बांधल्या जातात आणि गावोगावच्या व्यापाऱ्यांकडे त्या रवाना होतात. काही दिवसांपूर्वी तेथे सहज बसलो होतो. बिले लिहिणारा एक महाविद्यालयीन तरुण उल्हासनगरच्या व्यापाऱ्याचा पत्ता लिहिता लिहिता थांबला आणि मान वर करून म्हणाला, ‘‘काका, हे ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणजे काय? तिथे लष्कराची छावणी आहे का?’’

मुलगा चुणचुणीत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीचे सन त्याला पाठ आहे, हिटलरच्या छळछावण्यांची नावे त्याला ठाऊक आहेत. पण टेमघरहून निघून दुर्गाडीचा पूल ओलांडला आणि कल्याण मागे टाकले की जे शहर लागते, त्याच्या पत्त्यात ‘कॅम्प’ हा शब्द का चिकटला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. दोष त्याचा नाही. ज्यांनी सांगायचे, त्या आपल्या पिढीचा आहे.

त्याला मी सांगितले ते थोडक्यात असे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ उभारला गेला होता. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या. फाळणीनंतर सिंधमधून हुसकावले गेलेले सुमारे एक लाख लोक त्या बराकींमध्ये आणून ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. छावण्यांचे क्रमांक मात्र पत्त्यांत राहून गेले.

यावर त्याचा दुसरा प्रश्न आला आणि हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. ‘‘पण काका, एवढी माणसे तिथून सुटली कशी? आपल्या सरकारचे तिथे कोणी नव्हते का?’’

होते. एक माणूस होता. त्याचे नाव श्रीप्रकाश.

आपले कोण, परके कोण?

काशीच्या डॉ. भगवानदासांचे हे चिरंजीव. पिता तत्त्वचिंतक, पुढे १९५५ साली ‘भारतरत्न’ने गौरवले गेलेले. पुत्र स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेला, पंडित नेहरूंच्या निकटच्या वर्तुळातला काँग्रेसजन. ते आमच्या विचारांचे नव्हते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. परंतु राष्ट्राच्या इतिहासात माणसे पक्षाच्या पावत्यांवरून मोजायची नसतात. ऑगस्ट १९४७ मध्ये ते स्वतंत्र भारताचे पाकिस्तानातील पहिले उच्चायुक्त म्हणून कराचीत दाखल झाले. राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे जो राजदूत पाठवतात त्याला उच्चायुक्त म्हणतात; काम तेच, नाव वेगळे.

ते ज्या शहरात आले ते शहर महाराष्ट्राला परके नव्हते. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील सर्वांत जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाचे नाव आहे. सिंधमधील शिक्षणाची घडी बसवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात ते तेथे गेले होते. फाळणीपूर्वी सिंधच्या लोकसंख्येत हिंदू सुमारे चतुर्थांश होते आणि कराची शहरात तर जवळजवळ निम्मे.

आता श्रीप्रकाश यांच्यापुढचा पेच पाहा. राजदूताचे काम कोणते? परराज्यात आपल्या देशाचे आणि आपल्या नागरिकांचे हित जपणे. पण कराचीतला, हैदराबाद-सिंधमधला, शिकारपूरमधला हिंदू हा १५ ऑगस्टनंतर भारताचा नागरिक होता का? कागदावर नव्हता. मग तो पाकिस्तानचा होता का? तसाही कायदा झालेला नव्हता. भारताची घटना यायला अजून दोन वर्षांहून अधिक अवकाश होता. पाकिस्तानचा नागरिकत्व कायदा तर १९५१ चा. म्हणजे दहा-बारा लाख माणसे अशी होती की ज्यांच्या बाजूने बोलायला गेले तर पाकिस्तानी अधिकारी शांतपणे म्हणू शकत होते, ‘‘ही आमची माणसे आहेत, तुमचा संबंध काय?’’

पंजाबात निदान लष्कराच्या संरक्षणाखाली माणसे हलवण्याची यंत्रणा उभी राहिली होती, कारण तेथे लोकसंख्येची अदलाबदल दोन्ही सरकारांनी मनाविरुद्ध का होईना मान्य केली होती. सिंधची फाळणीच झाली नव्हती. तेथील हिंदूंच्या वाट्याला ना जिल्हा आला, ना तालुका, ना लष्कराची तुकडी. पंजाबी निर्वासिताला निदान पूर्व पंजाब तरी होता. सिंधी माणसाला होता तो फक्त समुद्र आणि थरचे वाळवंट. समुद्रमार्गे मुंबई आणि सौराष्ट्रातील बंदरे. रेल्वेने मीरपूरखास, खोखरापारवरून मारवाड. याखेरीज तिसरी वाट नव्हती.

आणि त्याच्या बदल्यात होते काय? आश्वासने. अल्पसंख्याकांना पाकिस्तानात समान हक्क मिळतील, असे बॅरिस्टर जिनांनी ११ ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तानच्या घटना समितीत सांगितलेच होते. त्या भाषणाचे दाखले आजही आपल्याकडचे विचारवंत मोठ्या भक्तिभावाने देतात. त्या भाषणानंतर पाच महिन्यांच्या आत, जिनांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच राजधानीत काय घडले, ते मात्र त्याच दमात सांगितले जात नाही.

सहा जानेवारी

६ जानेवारी १९४८. उत्तर सिंधमधून शिखांचा एक जथा आगगाडीने कराचीत आला. भारतात जाणारी बोट मिळेपर्यंत गुरुद्वाऱ्यात थांबावे एवढाच त्यांचा बेत. जमावाने गुरुद्वाऱ्याला वेढा घातला. माणसे कापली गेली, इमारत पेटली. मग जमाव हिंदू वस्त्यांकडे वळला आणि दिवसभर घरे लुटली जात होती. लुटणाऱ्यांत भारतातून उजाड होऊन आलेले निर्वासितही होते, हे खरे आहे. त्यांचेही दुःख खरे होते. परंतु स्वतःचे घर गेले म्हणून दुसऱ्याचे घर लुटण्याचा परवाना कोणत्याच धर्माने दिलेला नाही. सिंधी मुसलमान शेजाऱ्यांनी अनेक कुटुंबांना आसरा दिल्याच्या आठवणी उल्हासनगरचे वृद्ध आजही सांगतात. त्या नोंदवायला आम्हाला संकोच वाटत नाही. सिंध सरकारने संचारबंदी लावली, जमाव पांगवला, हेही खरे. पण तोवर कराचीतील हिंदूला जे कळायचे ते कळून चुकले होते.

त्या दिवसापर्यंत जाऊ की राहू, अशा विचारात असलेली कुटुंबे दुसऱ्या दिवशी बंदराच्या दिशेने निघाली. बंदर रोडवरील स्वामिनारायण मंदिराचे आवार निर्वासितांनी भरून गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचे वाडे, गोदामे, पेढ्या सोडून निघालेल्यांच्या ट्रंका गोदीवर उघडून तपासल्या जात होत्या. १९४८ च्या मध्यापर्यंत सिंधमधील सुमारे दहा लाख हिंदूंनी आपली जन्मभूमी सोडली होती.

आपल्या इतिहासलेखनात एक वाक्य वारंवार भेटते: ‘सिंधमध्ये पंजाबसारखा रक्तपात झाला नाही, तेथील स्थलांतर तुलनेने शांततेत झाले.’ वाक्य अक्षरशः खोटे नाही. पण त्यातून काय सुचवले जाते, ते पाहा. जणू काही दहा लाख माणसे हवापालटासाठी निघाली होती! गळ्याला सुरी लागली नाही, केवळ दाखवली गेली, म्हणून घर सोडणे ‘शांततापूर्ण’ ठरते का? भिवंडीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. १९७० आणि १९८४ या गावाने पाहिले आहे. रात्री दार ठोठावले गेले की घरातल्या बाईच्या छातीत काय होते, ते आकडेवारीत उतरत नाही.

या वादळात श्रीप्रकाश यांच्या हाती फौज नव्हती, खजिना नव्हता, नागरिकत्वाचा कागदही नव्हता. होते ते एवढेच: भारत सरकारचा शिक्का, दिल्लीला जाणारी तार आणि पाकिस्तानच्या सत्ताधीशांच्या दालनात शिरण्याचा राजदूताचा अधिकार. या तीन गोष्टींवर त्यांनी दीड-दोन वर्षे काढली. जो माणूस बाहेर पडू पाहतो त्याला बाहेर पडता आले पाहिजे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. ‘सुरक्षिततेची हमी’ या शब्दांनी त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते, कारण हमी देणारा आणि हमी मोडताना बघत बसणारा एकच होता. हमी कपाटात ठेवता येते. तिच्यावर बसून समुद्र ओलांडता येत नाही. त्यासाठी आगबोट लागते.

‘मग कराचीचे संडास कोण साफ करणार?’

या साऱ्या कहाणीतला सर्वांत लज्जास्पद आणि म्हणूनच सर्वांत विसरला गेलेला अध्याय आता सांगतो.

धनिक गेले, मध्यमवर्ग गेला. जे जाऊ पाहत होते आणि ज्यांना जाऊ दिले जात नव्हते, ते होते कराचीचे सफाई कामगार. त्यांतले बहुतेक आपल्या अनुसूचित जातींमधील हिंदू बांधव. पाकिस्तान सरकारने त्यांचे काम ‘अत्यावश्यक सेवा’ ठरवले आणि त्यांच्या बाहेर पडण्यावर बंदी आणली. व्यापाऱ्याचे दुकान हवे होते, म्हणून व्यापारी गेलेला चालत होता. भंग्याचा झाडू हवा होता, म्हणून भंगी गेलेला चालत नव्हता! एकाला धर्मासाठी हुसकावायचे आणि त्याच धर्माच्या दुसऱ्याला जातीसाठी डांबून ठेवायचे, असा हा न्याय होता.

श्रीप्रकाश हा प्रश्न घेऊन थेट पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याकडे गेले. तेथे त्यांना जे ऐकावे लागले ते त्यांनी पुढे आपल्या ‘पाकिस्तान: बर्थ अँड अर्ली डेज’ या १९६५ सालच्या आठवणींच्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. ही माणसे गेली तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार, अशा अर्थाचा प्रतिप्रश्न त्यांना केला गेला.

वाचकहो, क्षणभर थांबा. समतेचे आश्वासन देऊन जन्मलेल्या राष्ट्राच्या पंतप्रधानाचा हा प्रश्न आहे. आणि समोर कोण बसला आहे? काशीच्या सुविद्य घराण्यातला एक गृहस्थ. तो दिल्लीला कळवून मोकळा होऊ शकला असता. ‘विषय स्थानिक स्वरूपाचा आहे’ असा शेरा मारणे राजनैतिक शिष्टाचारातही बसले असते. पण मुत्सद्द्याची परीक्षा बड्यांच्या मेजवानीत होत नसते. सगळ्यांत शेवटच्या माणसाचे नाव तो यादीत लिहितो की नाही, यावर ती होते. श्रीप्रकाश यांनी ते नाव लिहिले.

त्याच सुमारास दिल्लीत आणखी एक माणूस हाच प्रश्न मांडत होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानातील आपल्या बांधवांना जाहीर आवाहन केले, की मिळेल त्या मार्गाने भारतात या. केवळ सवर्ण हिंदूंवर राग आहे म्हणून मुस्लिम लीगवर विश्वास टाकू नका. डिसेंबरमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून तक्रार केली, की पाकिस्तान अनुसूचित जातींच्या लोकांना बाहेर पडू देत नाही. पण त्या पत्राचा दुसरा भाग आपण सोयीने वाचत नाही. भारतातल्या निर्वासित छावण्यांतही या माणसांना सवर्ण निर्वासितांच्या बरोबरीने वागवले जात नाही, असेही बाबासाहेबांनी त्यात लिहिले होते.

हे वाक्य आपण गिळून टाकता कामा नये. तिकडे त्याला हिंदू म्हणून मारले जात होते आणि भंगी म्हणून अडवले जात होते. इकडे तो हिंदू म्हणून आला आणि अस्पृश्य म्हणून बाजूला बसवला गेला. ‘हिंदू सारा एक’ हे वाक्य सभेत म्हणणे सोपे आहे. छावणीतल्या पाण्याच्या नळावर ते पाळणे अवघड. ज्यांना संघटनेचे काम करायचे आहे त्यांनी लियाकत अलींच्या प्रश्नावर संतापण्याआधी स्वतःला विचारावे, की आपल्या गावातले गटार आजही कोण साफ करतो आणि त्याच्या घरी आपण कधी पाणी प्यालो आहोत का? हा प्रश्न स्वतःला विचारण्याची ज्याची तयारी नाही, त्याचा पाकिस्तानवरचा संताप बेगडी आहे.

मलबार हिलवरचा बंगला

त्याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे. मुंबईत मलबार हिलवर बॅरिस्टर जिनांचा टोलेजंग बंगला होता, आजही आहे. निर्वासितांच्या लोंढ्यांमुळे मुंबईत जागेची टंचाई झालेली. तो बंगला सरकारने ताब्यात घ्यावा, असा विचार सुरू झाला. मालकाची इच्छा काय, हे विचारण्याचे काम नेहरूंनी आपल्या उच्चायुक्तांवर सोपवले. श्रीप्रकाश यांनी विचारले तेव्हा पाकिस्तानचे निर्माते हेलावून गेले. जवाहरलालना सांगा, माझे हृदय मोडू नका. तो बंगला मी वीट वीट पारखून बांधला आहे, अशा आशयाची विनवणी त्यांनी केली.

त्यात अस्वाभाविक काही नव्हते. आपले घर कोणाला प्रिय नसते? पण ज्या कराचीत ही विनवणी झाली, त्याच कराचीत हजारो घरांच्या मालकांना हृदये होती आणि त्यांच्यासाठी विनवणी करायला कोणी राष्ट्रप्रमुख नव्हता. एका बंगल्यासाठी नेहरूंनी विचारपूस केली, सौजन्य दाखवले. हे भारताचे सौजन्य. त्याची परतफेड सिंधमधल्या एका तरी पेढीला, एका तरी पाठशाळेला मिळाली का? ज्यांना ‘दोन्ही बाजू सारख्याच’ म्हणण्याची सवय आहे, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. भारतातही मुसलमानांवर अत्याचार झाले, दिल्लीत आणि पूर्व पंजाबात झाले, ते निंद्यच होते. पण त्यांच्याविरुद्ध या देशाचे नेते रस्त्यावर उतरले, एका महात्म्याने जानेवारी १९४८ मध्ये उपोषण केले. कराचीच्या सफाई कामगारासाठी पाकिस्तानच्या सत्ताधीशांपैकी कोण उपाशी राहिले?

दिल्लीचा हिशेब

दिल्लीला मोकळे सोडून चालणार नाही. लोकसंख्येची अदलाबदल पंजाबपुरती मर्यादित ठेवण्याच्या हट्टामागे जी धारणा होती, ती अशी: पाकिस्तान आपल्या अल्पसंख्याकांना सांभाळील, कारण त्याने तसे म्हटले आहे. ही धारणा सिंधमध्ये पाच महिन्यांत उघडी पडली. शहाणपण घेण्यासाठी तेवढे पुरे होते. पण ८ एप्रिल १९५० रोजी पुन्हा नेहरू-लियाकत करार झाला आणि पूर्व बंगालच्या हिंदूंचे भवितव्य पुन्हा त्याच लियाकत अलींच्या शब्दावर सोपवले गेले. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जींनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला तो याच मुद्द्यावर. त्यांना तेव्हा आततायी ठरवले गेले. परंतु सहाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९५० मध्ये, पाकिस्तानच्या मंत्रिमंडळातले अनुसूचित जातींचे नेते, त्या देशाचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल यांनी भारतात येऊन राजीनामा लिहिला. पूर्व बंगालमधील हिंदूंच्या छळाची जंत्रीच त्या राजीनाम्यात आहे. दलित-मुस्लिम ऐक्याचा प्रयोग ज्यांनी स्वतः करून पाहिला, त्यांची ही साक्ष आहे. आमच्या पुरोगामी मित्रांनी श्यामाप्रसादांना वाचू नये. निदान मंडल यांना तरी वाचावे.

एक गोष्ट मात्र दिल्लीच्या बाजूने लिहिली पाहिजे. भारताच्या घटनेच्या सहाव्या कलमाने १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आलेल्या आणि येथे वास्तव्य करणाऱ्या माणसाला भारताचा नागरिक मानले. त्या कलमात धर्माचा उल्लेख नाही. तो स्पष्ट असावा, कोणत्याही अन्य देशाचे नागरिक नसलेल्या हिंदूला आणि शिखाला भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी सूचना ऑगस्ट १९४९ मध्ये आपल्या अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी घटना समितीत मांडली होती. ती स्वीकारली गेली नाही. त्यानंतर सत्तर वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. त्याविरुद्ध जो गहजब झाला तो सर्वांच्या स्मरणात आहे. पण या कायद्याचे समर्थन करतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत जो येथे पोहोचला, त्याच्यासाठी हा कायदा आहे. ज्याला निघताच येत नाही, जो आजही तिकडे झाडू हातात धरून उभा आहे, त्याच्यासाठी काय? पाकिस्तानातील सफाई कामगारांत आजही मोठा भरणा आहे तो अनुसूचित जातींतील हिंदूंचा आणि ख्रिस्ती बांधवांचा. १९४८ चा प्रश्न जुना झालेला नाही.

तार पाठवणारा माणूस

असा प्रसंग ज्याच्यावर येतो तो मुत्सद्दी दोन मार्गांपैकी एक निवडतो. सोपा मार्ग म्हणजे परिस्थिती ‘चिंताजनक पण नियंत्रणात’ असल्याचा अहवाल धाडणे. कठीण मार्ग म्हणजे जे दिसते ते लिहिणे.

१९७१ साली ढाक्यात अमेरिकेचे वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी कठीण मार्ग निवडला. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. तीनच दिवसांनी ब्लड यांनी वॉशिंग्टनला पाठवलेल्या तारेत ‘निवडक वंशसंहार’ हा शब्द वापरला. ६ एप्रिलला त्यांच्या कचेरीतील आणि मदतकार्यातील वीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी सही करून आपल्याच सरकारच्या धोरणाचा निषेध नोंदवला आणि ब्लड यांनी तो आपल्या पाठिंब्यासह पुढे धाडला. निक्सन आणि किसिंजर यांना पाकिस्तानमार्फत चीनशी संधान बांधायचे होते. त्यांनी तार बाजूला ठेवली आणि ब्लड यांची ढाक्याहून उचलबांगडी केली. जगाला मानवाधिकारांचे धडे देणाऱ्या देशाने आपल्याच सत्यवक्त्या अधिकाऱ्याला दिलेले हे बक्षीस! त्या वर्षी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि त्यांतले बहुसंख्य हिंदू होते. देशात तेढ वाढू नये म्हणून ही गोष्ट आपल्या सरकारने तेव्हा मोठ्याने सांगितली नाही. हेतू चांगला असेल. पण बळीचे नावच सांगायचे नाही, असे ठरवल्यावर त्याला न्याय कसा मिळणार?

५ ऑगस्ट २०२४ रोजी ढाक्यात सत्तांतर झाले आणि बांगलादेशातील हिंदूंची घरे, दुकाने, मंदिरे पुन्हा जमावाच्या तडाख्यात सापडली. या वेळी भारताने जाहीरपणे चिंता व्यक्त केली. डिसेंबरमध्ये परराष्ट्र सचिवांनी ढाक्याला जाऊन हा विषय मांडला. १९५० च्या तुलनेत हे पाऊल पुढचे आहे, ते स्वागतार्ह आहे. पण श्रीप्रकाश यांच्या अनुभवाचा धडा एवढ्यावर थांबत नाही. समोरच्याने ‘काळजी घेऊ’ म्हटले की काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. काळजी घेतली की नाही हे गावोगाव मोजणारा माणूस हवा. मोजलेले निर्भीडपणे दिल्लीला कळवणारा हवा. आणि सगळे उपाय थकले तर वाट मोकळी ठेवण्याची तयारी हवी. यात युद्धखोरी नाही की दुसऱ्या धर्माचा द्वेष नाही. नागरिकांना वाचवण्याचे शास्त्र असेल तर ते एवढेच आहे.

आपले काय?

कराचीहून परतल्यावर श्रीप्रकाश आसामचे राज्यपाल झाले, केंद्रात मंत्री झाले, मद्रासचे राज्यपाल झाले आणि डिसेंबर १९५६ मध्ये मुंबई राज्याचे राज्यपाल म्हणून येथे आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आले तेव्हा त्याचे पहिले राज्यपाल तेच होते. म्हणजे ज्या माणसाने कराचीच्या गोदीवरून माणसे सुटावीत म्हणून जिवाचे रान केले, त्याच्याच राज्यपालपदाखालील प्रदेशात ती माणसे उल्हासनगरच्या बराकींची घरे करत होती. नियतीने जुळवलेला हा योग आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ज्या माणसांना कॅम्पमध्ये आणून टाकले त्यांनी काय केले, तेही पाहावे. भीक मागितली नाही. फुटपाथवर सुया-दोरे विकले, पापड लाटले, मुले शिकवली, कारखाने उभारले. आज भिवंडीच्या मागावरचे कापड त्यांच्या पेढ्यांवर जाते. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात पोलंडच्या निर्वासितांसाठी ज्या बराकी बांधल्या होत्या, तेथे पुढे असेच सिंधी बांधव आले आणि आजची गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. घर हरवलेल्या समाजाने सूड उगवण्यात आयुष्य घालवले नाही, घर उभारण्यात घालवले. जगभर निर्वासित छावण्या या दहशतीच्या शाळा कशा होतात, हे आपण पाहतो. मग या छावण्या बाजारपेठा कशा झाल्या, याचा अभ्यास आपल्या विद्यापीठांनी का करू नये?

१९४८ साली जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज नव्वदीकडे झुकले आहेत. आणखी काही वर्षांनी साक्ष द्यायला कोणी उरणार नाही. शाखांनी, वाचनालयांनी, महिला मंडळांनी आपापल्या भागातल्या अशा वृद्धांकडे जावे. त्यांची बोट कोणती, बंदर कोणते, बरोबर काय आणले, मागे कोण राहिले, हे वहीत उतरवून घ्यावे. आणि ते घेताना एक प्रश्न आवर्जून विचारावा: तुमच्या गल्लीत झाडू मारणारा होता, त्याचे पुढे काय झाले? बहुतेक जण गप्प होतील. ती शांतताही वहीत लिहावी, कारण तीही इतिहासच आहे.

टेमघरच्या गोदामातल्या त्या तरुणाने बिल पूर्ण केले आणि पत्ता पुन्हा एकदा वाचला. पुढच्या रविवारी गाठी पोहोचवायला तो स्वतः उल्हासनगरला जाणार आहे. व्यापाऱ्याचे वडील कराचीचे आहेत, असे त्याला कळले आहे. बरोबर वही ने, एवढेच मी त्याला सांगितले.